हँडहेल्ड हॅम रेडिओवर पॉवर 'हाय' असूनही कोणी उत्तर देत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की परवाना नुकताच मिळालाय, रिपीटर (आपला आवाज ऐकून पुढे पाठवणारं, उंचावरचं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून बोललं की पलीकडे शांतता. पॉवर 'हाय'वरच आहे, अजून वाढवता येईल का, असं विचारलंय.

माझ्या मते अडचण पॉवरची नाही, टोनची आहे. रिपीटर ऐकू येणं आणि रिपीटरने तुम्हाला ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी. तो एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो, दुसऱ्यावर ऐकतो, आणि बरेच रिपीटर तुमच्या आवाजाखाली ठरलेला सबऑडिबल, म्हणजे सहसा कानाला न जाणवणारा, टोन आल्याशिवाय उघडतच नाहीत. ऑफसेटची (या दोन फ्रिक्वेन्सींमधल्या फरकाची) दिशा उलटी असेल किंवा टोन बसवलेला नसेल, तर ५ वॅट काय आणि ५० काय, सारखेच वाया. सुरुवातीला मी स्वतः आठवडाभर हाच घोळ घातला होता आणि दोष मात्र बॅटरीला देत होतो. तपासायची सोपी रीत: चॅनल मोकळा आहे ना ते ऐका, पीटीटी दाबा, अर्धा सेकंद थांबा, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली तुमची ओळख) सांगा आणि सोडा. रिपीटर उघडला असेल तर तुम्ही सोडल्यानंतरही त्याचा कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) क्षणभर राहतो, सेटच्या सिग्नल मीटरवर दिसतो. तो अर्धा सेकंद गाळू नका, नाहीतर कॉलसाइनचं पहिलं अक्षर गिळलं जातं. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर लांब, किंचित तिरका धरा.

आता पॉवर. बहुतेक हँडसेटमध्ये ५ वॅट ही वरची (हाय) आणि १ वॅट किंवा त्याहून कमी ही खालची (लो) पायरी असते. बदल मेनूतून होतो, काही सेटवर एका बटणानेही. आणि पुष्कळ सेटवर मेमरी चॅनलसोबत पॉवरही साठवली जाते, म्हणून चॅनल बदलला की स्क्रीनवर एकदा नजर टाका. १ वरून ५ वॅटवर गेलात की फरक पडतो ७ डेसिबलचा. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक टप्पा ६ डेसिबलचा धरतात, म्हणजे पाचपट पॉवर ओतून ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम एक टप्पा वाढतो! आधीच नीट ऐकू येत असाल तर त्याला हा फरक कळणारही नाही.

अँटेना सरळ उभी धरण्याने यापेक्षा जास्त मिळू शकतं. रिपीटरची अँटेना उभी असते. तुमची आडवी झाली तर १०-२० डेसिबल सहज जातात. सेट कमरेला अडकवून वायरने जोडलेल्या वेगळ्या माइकवर बोलणारे नेमके इथेच मार खातात, कारण सिग्नलचा बराच भाग शरीरच खातं. सेट चेहऱ्याजवळ उंच धरा, खिडकीशी या, जमलं तर गच्चीवर जा. २ मीटर बँडवर (सुमारे १४५ मेगाहर्ट्झ) सेटसोबत आलेल्या रबरी अँटेनाऐवजी सुमारे ४९ सेंटिमीटरची पाव-तरंगलांबीची अँटेना लावा. घरात हायवर उघडत नसलेला रिपीटर गच्चीवरून मी लोवर उघडलाय, तेव्हापासून माझा सेट कायम लोवरच असतो. अंतर मुख्यतः उंची ठरवते: जमिनीपासून दीड मीटरवरची अँटेना सपाट प्रदेशात ५ किलोमीटरवरचं क्षितिज गाठते, १०० मीटर उंचीवरची सुमारे ४१ किलोमीटरवरचं. डोंगर आड आला की वॅट वाढवून तो हटत नाही.

मग हाय कधी? रिपीटर उघडतोय पण आवाज खरखरतो किंवा तुटतो, आणि जागा बदलणं शक्य नाही, तेव्हा. ५ वॅटला साधारण दीड अँपिअर करंट लागतो. सलग बोललात तर सेट हातात चटका देईल इतका तापतो, आणि बॅटरी उतरत आली की ते ५ वॅट पूर्ण निघतही नाहीत. गरजेपुरतीच पॉवर वापरायची हा आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतलाही दंडक आहे, आणि मला तो मनापासून पटतो: उगाच हायवर बोललात तर दूरच्या, त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या रिपीटरवरही तुमचा आवाज चढू शकतो. एक मात्र कधीच करू नका, अँटेना काढून पीटीटी दाबणं. लोवरसुद्धा नको. परत आलेली शक्ती आउटपुट ट्रान्झिस्टर जाळू शकते.

टोन आणि ऑफसेट बसवून झाले की लोवर कॉलसाइन सांगून बघा आणि पलीकडच्याला 'सिग्नल कसा येतोय' हे विचारा. तो 'खरखर आहे' म्हणाला तर आधी दोन पावलं सरका, मग हाय.