दोन डिस्क, एकच ओळख

प्रश्न : देवळाच्या जत्रेत आमचे मंडळ जी मराठी नाटके करते, त्यांची चित्रमुद्रणे यूएसबी केसिंगमध्ये बसवलेल्या दोन हार्ड डिस्कवर ठेवलेली आहेत. केसिंग एकाच बनावटीची, आतल्या डिस्क मात्र वेगळ्या कंपन्यांच्या. लिनक्स संगणकाला जोडल्यावर 'एसडीबी' हे नाव कधी एकीला मिळते, तर कधी दुसरीला. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये 'बाय-आयडी' फोल्डरमधले (साधनाच्या ओळखीवरून बनलेले) नाव वापरू गेलो, तर दोन्हींसाठी एकच नाव निघाले, आणि तेही डिस्कचे नव्हे, केसिंगचे. कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर (साधन चालवणारा प्रोग्राम) डिस्क ओळखतो तरी कशावरून?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : 'एसडीबी' हा निव्वळ रांगेतला नंबर आहे, जे साधन आधी सापडेल त्याला आधीचे अक्षर मिळते, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ते लिहिणे धोक्याचेच. ड्रायव्हर डिस्कला स्वतःहून ओळखत नाही. तो तिला विचारतो आणि समोरून जे उत्तर येईल ते खरे धरून चालतो. आपल्या बाबतीत हे उत्तर डिस्क देत नसून केसिंगमधली ब्रिज चिप (यूएसबी आणि डिस्क यांच्यातली दुभाषी) देते, ही खरी अडचण आहे.

केबल जोडताच यूएसबीचा थर चिपकडून उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि वर्ग विचारून घेतो. वर्ग ८, म्हणजे साठवणुकीचे साधन, असे कळले की त्याला जोगा ड्रायव्हर पुढे येतो. मग स्कझी थर (साठवणुकीच्या साधनांना आज्ञा देणारा कर्नेलचा भाग) 'इन्क्वायरी' ही आज्ञा, हेक्स (सोळा-आधारी अंकपद्धतीत) १२, पाठवतो. उत्तराच्या पहिल्या बाइटमधल्या खालच्या पाच बिटांत साधनाचा प्रकार असतो : शून्य म्हणजे डिस्क, पाच म्हणजे सीडी-डीव्हीडी. पुढे उत्पादकाचे नाव ८ अक्षरांत, मॉडेल १६ अक्षरांत आणि आवृत्ती ४ अक्षरांत येते. यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर नेमके ३६ बाइटच मागतो, कारण त्याहून कमी-जास्त मागितले की कित्येक साधने अडकून पडतात. अशा लहरी साधनांसाठी 'अनयूज्वल डेव्हस' नावाची वेगळी फाईलच कर्नेलमध्ये आहे. ड्रायव्हर लिहू पाहणाऱ्याने ती सवडीने वाचावी. उत्पादकांच्या हलगर्जीपणाची एवढी तपशीलवार नोंद दुसरीकडे क्वचितच मिळेल.

साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) डिस्कची खरी ओळख तिच्या 'आयडेंटिफाय डिव्हाइस' या आज्ञेच्या, म्हणजे हेक्स ईसीच्या, ५१२ बाइटांच्या उत्तरात असते. त्यात सिरियल नंबर २० अक्षरांचा आणि मॉडेल ४० अक्षरांचे असते. गंमत अशी की ही अक्षरे जोडीजोडीने उलटी येतात. 'एस टी १ ० ० ०' असे मॉडेल 'टी एस ० १ ० ०' असे दिसते आणि ड्रायव्हरला ते सुलटे करून घ्यावे लागते. डिस्क थेट मदरबोर्डला जोडली तर कर्नेलला हे सारे मिळते. मध्ये ब्रिज असला की ते चिपपर्यंतच पोहोचते आणि पुढे काय सांगायचे ते चिप ठरवते. स्वस्त केसिंगमध्ये तर सगळ्या चिपांत एकच सिरियल नंबर भरलेला आढळतो. 'बाय-आयडी'मधले नाव त्याच नंबरावरून तयार होत असल्याने आपल्या दोन्ही डिस्कना एकच नाव मिळाले.

तेव्हा बॅकअपसाठी फाइल सिस्टमचा यूयूआयडी (तिचा स्वतंत्र ओळखक्रमांक) वापरावा. तो डिस्कवरच लिहिलेला असल्यामुळे केसिंग बदलले तरी बदलत नाही, आणि 'एलएसबीएलके' आज्ञेला एफ हा पर्याय दिला की दिसतो. मात्र एक डिस्क दुसरीवर बाइट-न्-बाइट उतरवलेली असेल, तर दोघींचा यूयूआयडीही सारखाच असेल. तो आधी बदलून घ्यावा. आतल्या डिस्कचा सिरियल नंबरच हवा असल्यास 'स्मार्टसीटीएल' या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेला सॅट (साटाच्या आज्ञा स्कझीमधून पाठवणे) हा प्रकार सांगून पाहावे. चिप साथ देत असेल तर ती मूळ आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचवते.

प्रश्न : यूएसबीवर लावलेली एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) कर्नेल फिरती डिस्क म्हणून का दाखवतो?
– एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : साटा एसएसडी 'आयडेंटिफाय'च्या २१७व्या शब्दात (दोन बाइटांच्या गटात) १ हा आकडा देऊन आपण फिरत नसल्याचे सांगते. स्कझीमध्ये हीच माहिती हेक्स बी१ या पानावर असते. पण काही यूएसबी साधने अशा पानांना चुकीची उत्तरे देतात म्हणून ड्रायव्हर ती सहसा मागतच नाही, आणि उत्तर नसले की फिरती हे गृहीतच कायम राहते. 'सिस' फोल्डरमधल्या त्या डिस्कच्या 'रोटेशनल' फाईलमध्ये रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ० लिहिता येतो; डिस्क काढून पुन्हा लावली की तो परत लिहावा लागतो.