अंतिम फेरीत मोझार्टच का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. एका चेंबर ऑर्केस्ट्राने (म्हणजे लहान वाद्यवृंदाने) भरवलेल्या आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत तिची निवड झाली आहे. अंतिम फेरीत त्याच ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, वाजवायचा आहे. तिची खरी तयारी रखमानिनॉफ या रशियन संगीतकाराची. मोझार्ट सोपा, त्यात कौशल्य दाखवायला जागा नाही, असं तिला वाटतं. तिने दुसरी स्पर्धा बघावी का?

उत्तर : मुळीच नको. स्पर्धकांच्या सरावात दुसऱ्या पियानोवर वाद्यवृंदाचा भाग वाजवणं हे माझं काम आहे. रखमानिनॉफ धडाधड वाजवणारी मुलं मोझार्टच्या संथ भागात अडखळताना मी पुष्कळदा पाहते. रखमानिनॉफच्या शंभरेक वादकांच्या गजरात एखादा स्वर निसटला तर कळत नाही. मोझार्टच्या तीसेक वादकांसमोर पेडल किंचित जास्त दाबलं तरी ऐकू येतं.

मोठ्या स्पर्धांनाही हे ठाऊक आहे. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत उपांत्य फेरीला बेल्जियममधल्याच वालोनियाच्या चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्ट वाजवावा लागतो; मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा त्यानंतर. अमेरिकेतल्या २०२२च्या क्लायबर्न पियानो स्पर्धेतला कोरियन पियानोवादक युनचान लिमचा रखमानिनॉफ जगाने ऐकला. तो तेव्हा अठराच वर्षांचा होता, आणि त्याआधी उपांत्य फेरीत त्याने मोझार्टचा २२वा कॉन्चेर्तो वाजवला होता. मुलीला तोही ऐकवा.

निवडीची मुभा असेल तर मी १२वा सुचवेन, ए मेजर या स्वरपट्टीतला, १७८२चा. वाद्यवृंदात तंतुवाद्यं आणि फुंकवाद्यांपैकी दोन ओबो, दोन हॉर्न, फार तर बासून. फुंकवाद्यं वगळून नुसत्या चार तंतुवाद्यांसह तो वाजवता येईल अशी सोय मोझार्टनेच ठेवली होती. तिच्यासाठी हे वरदान आहे! दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो वाजवणारे चौघे मित्र गोळा केले की खोलीत खरा सराव होतो. माझ्यासारखीचा दुसरा पियानो तिथे कमी पडतो, कारण गज तारेवर टेकण्याआधी वादक श्वास घेतो आणि पियानोवाल्यांना त्या श्वासाबरोबर सूर लावायची सवय नसते. ती सवय रोज लावावी लागते. संथ भागाची सुरुवात योहान ख्रिस्तियान बाख या संगीतकाराच्या धूनवर आहे. हा बाख त्याच वर्षी, १७८२ मध्ये, वारला. ती धून आधी वाद्यवृंद म्हणतो, मग पियानो. पहिल्या व्हायोलिनने वाक्य जिथे सोडलं तिथूनच तिने उचललं पाहिजे. स्वतःचं निराळं भाषण सुरू करू नये.

आणि फक्त पियानोची प्रत घेऊन बसू नका. संपूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेली प्रत, मिळवा. ओबोची ओळ तिने गाऊन दाखवावी, सुरात नसली तरी चालेल. ऑर्केस्ट्राबरोबरची तालीम थोडकीच मिळते, तेव्हा नजर कंडक्टरइतकीच पहिल्या व्हायोलिनकडेही हवी. यजमान ऑर्केस्ट्रा आपल्याबरोबर वाजवणारा साथी शोधत असतो. रखमानिनॉफ कुठे पळून जात नाही. अर्ज मागे घेऊ देऊ नका.