खरेदीखत थांबवा, आधी धर्मादाय खाट मागा

प्रश्न : आम्ही किनवट तालुक्यातले. आईला (वय ५२) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघालाय. मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलनं भरती करून केमो आणि शेक (रेडिएशन) लगेच सुरू करायला सांगितलं. पण दीड लाख डिपॉझिट मागितलं, ‘आमच्याकडे योजना नाही’ म्हणाले. रेशनकार्ड काकांच्या नावावर आहे, त्यात आईचं नाव आहे, पण आम्ही वेगळे राहतो. वडील गावातल्या सावकाराला आमच्या तीन एकरांतल्या दोन एकराचं खरेदीखत करून देणार आहेत. पैसे फिटले की जमीन परत, असं ठरलंय. सोमवारी रजिस्ट्री आहे. काय करावं?

उत्तर : सोमवारी वडिलांना रजिस्ट्री ऑफिसात जाऊ देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

‘पैसे फिटले की परत’ ही अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही, ती विक्रीच ठरते. सातबाऱ्यावर सावकाराचं नाव चढतं आणि तोंडी शब्द हवेत राहतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार सावकारीत बेकायदा गेलेली जमीन परत मिळवायला सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला हवा. पण तो व्यवहार सावकारीचाच होता हे सिद्ध करता करता माणूस थकतो. आईच्या आजारपणात तुम्हाला ही दुसरी लढाई नको.

आता हॉस्पिटल. ‘आमच्याकडे योजना नाही’ हे त्यांचं म्हणणं खरं असू शकेल. महात्मा फुले जन आरोग्य योजना फक्त त्या योजनेत नोंदलेल्या हॉस्पिटलांतच चालते. पण ट्रस्टच्या, म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलची जबाबदारी वेगळी आहे आणि ती कुठल्याही योजनेवर अवलंबून नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू असलेली योजना यांनुसार अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. खर्चासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त बाजूला काढावी लागते. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. कोरडवाहू तीन एकरावर आणि वडिलांच्या मजुरीवर चालणारं तुमचं घर पहिल्या गटात बसतं. आणि या रुग्णांकडून भरतीसाठी डिपॉझिट मागताच येत नाही.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पावतीबुकाचा फाटका तुकडा, निळ्या बॉलपेननं ‘ॲडव्हान्स १.५’ आणि त्याभोवती गोल. ना हॉस्पिटलचं नाव, ना शिक्का, ना सही. नकार नेहमी असाच देतात, कारण असा नकार कुणाच्या दारात नेता येत नाही. म्हणून तुम्ही लेखी मागा. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे चार ओळी पुरेत : ‘माझी आई निर्धन रुग्ण आहे. कलम ४१ कक खालील योजनेनुसार राखीव खाट द्यावी. खाट शिल्लक नसल्यास किंवा नकार असल्यास कारण लेखी द्यावे.’ सोबत उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर तिथूनच ईमेल आणि स्पीड पोस्ट करा, एक प्रत ट्रस्टांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय सह आयुक्तांना. वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलाशी आधी बोला. अर्ज हातात असलेल्या माणसाशी तिथलं बोलणं बदलतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

हे चालू असताना थांबून राहू नका. तुम्ही ज्या नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबईला गेलात तीच गाडी छत्रपती संभाजीनगरला थांबते. तिथं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, रेडिएशनची सोय आहे. तिथं महात्मा फुले योजनेतून उपचार घेताना रेशनकार्डाची अडचण वाटू देऊ नका. वेगळी चूल मांडली म्हणून काकांच्या कार्डातलं आईचं नाव बाद होत नाही. नाव आहे, आधार जुळतंय, एवढं पुरतं. २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. फक्त एक करा : वेगळं रेशनकार्ड काढणार असाल, तर ते नवं कार्ड हातात पडेपर्यंत जुन्यातून आईचं नाव कमी करू नका. घाईघाईनं नाव कापून दोन्हीकडून अडकलेली घरं माझ्याकडे आलेली आहेत. हॉस्पिटलात गेल्यावर आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) शोधा, अडलं तर योजनेच्या १५५३८८ या नंबरवर तिथूनच फोन लावा.

मुंबईच्या हॉस्पिटलकडून सगळे कागद मागून घ्या, बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकसकट (ब्लॉक म्हणजे तपासलेल्या तुकड्याचा मेणात जपलेला नमुना). रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा फॉर्मही भरून घ्या. उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपरला आईचं तिकीट पूर्ण माफ होतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. पाच-सहा आठवड्यांच्या खेपांत हा पैसा लहान नाही.

हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर मुंबईला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नांदेडला तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. ते नंतर पाहू.

सोमवारी वडिलांना घेऊन तहसीलला जा. शनिवारीच तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन ठेवा, तहसीलदारांना आईचा बायॉप्सी रिपोर्ट दाखवून दाखला तातडीनं मागा. दाखला मिळाला की मला कळवा, अर्ज मी टाइप करून पाठवते.