वाचकांचे प्रश्न : डोकं वर, पाय खाली

प्रश्न : एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण बँकॉक आणि चियांग माईला जाणार आहोत. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. थायलंडमधली माणसं फार सौम्य असतात, कुणाचं चुकलं तरी तोंडावर बोलत नाहीत, असं ऐकलंय. मग आपलं चुकतंय हे कळायचं कसं? भेटेल त्याला हात जोडायचे का? सासूबाईंना भिक्खूंना दान द्यायचंय, बाईने दिलेलं चालतं का?

उत्तर : चियांग माईत मी सहा वर्षं राहिले. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंच्या नातवाच्या डोक्यावरून लाडाने हात फिरवला. बाई हसल्या, पण पोराला त्यांनी हळूच जवळ ओढून घेतलं. ओळख घट्ट झाल्यावर त्यांनीच उलगडून सांगितलं : डोकं हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, तिथे ‘ख्वान’ वसतो, माणसाला सांभाळणारं चैतन्य. पाय सर्वांत खालचे. ही एक गोष्ट मनात ठेवलीत की बाकीचं बरंचसं आपोआप कळत जातं.

बुद्धमूर्तीसमोर बसाल तेव्हा पाय एका बाजूला दुमडून मागे घ्या, तळवे मूर्तीकडे नकोत. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोरून जाताना किंचित वाकून जातात. देवळाचा उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. नाणं घरंगळत गेलं तर पायाने अडवू नका, त्यावर राजाची मुद्रा असते. राजघराण्याविषयी तर थट्टेतही काही बोलू नका. थायलंडच्या दंडसंहितेत राजघराण्याच्या अपमानासाठी कलम ११२ आहे, त्याखाली ३ ते १५ वर्षांची कैद होते आणि हा कायदा पाहुण्यांनाही लागू आहे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता सार्वजनिक जागी राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. बँकॉकच्या राजवाड्यात आणि तिथल्या वात फ्रा केओ या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

हात जोडण्याला ‘वाय’ म्हणतात, आणि त्यातही उंची आलीच. बरोबरीच्या माणसाला अंगठे हनुवटीपाशी, वडीलधाऱ्यांना नाकाच्या शेंड्यापाशी, भिक्खूंना भुवयांच्या मध्ये. लहानाने आधी करायचा, मोठ्याने उत्तर द्यायचं. त्यामुळे दुकानातल्या पोरीला किंवा लहान मुलाला तुम्ही आधी वाय करू नका, हसून मान हलवलीत की पुरे. तोंडाने बायकांनी ‘सवात्दी खा’ म्हणायचं, पुरुषांनी ‘सवात्दी ख्रप’. हा ‘सवात्दी’ म्हणजे आपला ‘स्वस्ति’. चुकलंच काही, तर हात जोडून ‘खॉ थोत’ म्हणा. माफ करा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मनापासून स्वीकारला जातो.

सासूबाईंनी जरूर दान द्यावं. पहाटे भिक्खू अनवाणी निघतात, तेव्हा आपणही चपला काढून अन्न सरळ पात्रात ठेवायचं. बाईचा भिक्खूंना स्पर्श मात्र होऊ द्यायचा नाही. देवळात एखादी वस्तू द्यायची असेल तर भिक्खू समोर कापड पसरतात, त्यावर ठेवायची. जेवण दुपारच्या आत द्या, त्यानंतर ते जेवत नाहीत.

तुमच्या तारखांत सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, येतोय, १३ ते १५ एप्रिल. हा शब्द आपल्या संक्रांतीचाच. २०२३ साली युनेस्कोने या सणाची वारसा म्हणून नोंद केली. चियांग माईच्या जुन्या शहराभोवतीच्या खंदकाकाठी पाण्याचा नुसता कल्लोळ असतो, मुलांना भिजू द्या, भिक्खूंवर मात्र पाणी उडवू नका. पण माझं ऐकाल तर एक सकाळ घरगुती सोंगक्रानसाठी ठेवा. आमच्या मालकीणबाई खुर्चीत बसायच्या, दोन्ही तळहात जोडून पुढे धरायच्या. चांदीच्या वाडग्यात पाणी, त्यात फुलांच्या पाकळ्या आणि भाजलेल्या ‘सोम पोय’च्या शेंगा. वास घेतला आणि ओळखलं, ही तर शिकेकाई! एकेक जण गुडघ्यांवर बसून त्यांच्या हातांवर पाणी सोडायचा, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायचा. तिसऱ्या वर्षी माझी पाळी आल्यावर त्यांनी ओले हात माझ्या डोक्यावर ठेवले, आशीर्वाद म्हणून. तुमच्या गेस्टहाउसची मालकीण वयस्क असेल तर तिला विचारून बघा, सासूबाईंना ते आवडेल.

प्रश्न : येताना बुद्धाची पितळी मूर्ती आणता येईल का?

उत्तर : थायलंडच्या ललित कला विभागाचा परवाना घेऊनच. गळ्यात घालायचा छोटा ताईत चालतो. आणि आणलीत तर दिवाणखान्यात शोभेला, खालच्या फळीवर ठेवू नका. उंच जागी ठेवा.