कल्पक दिग्दर्शक ओळखायचा तर आधी एक डबल रोल स्वतः करून बघा

तुमचे प्रश्न तीन आहेत. कल्पक दिग्दर्शक आणि नुसत्या तांत्रिक करामती करणारा दिग्दर्शक यांत फरक कसा ओळखायचा? नाशिकमध्ये राहून सिनेमाचा अभ्यास कुठून सुरू करायचा? आणि तिसरा, "दादासाहेब फाळके आपले पहिले सिनेमावाले होते हे मान्य, पण ते कल्पक होते का?"

मी लिहायला बसलो तो या तिसऱ्या प्रश्नामुळे. "पहिले होते, पण…" हा सूर आपल्या नाशिकमध्येच जास्त ऐकू येतो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माणूस जन्मला त्र्यंबकेश्वरला, १९१३ मध्ये बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आला, १९४४ मध्ये इथेच गेला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पण त्यांनी कॅमेऱ्यात नेमकं काय केलं हे सांगणारं माणूस गावात शोधावं लागतं. माझा एक मित्र आहे, सिनेमाचं वाचन दांडगं. त्याचं म्हणणं, कल्पना सगळ्या पॅरिसच्या जॉर्ज मेलिएस या जादूगार-दिग्दर्शकाच्या, फाळक्यांनी त्यांत फक्त देवदेवता घातल्या. हा वाद आमच्यात फार जुना आहे. हे उत्तर तोही वाचेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत सरळ आहे. दिग्दर्शकाची कल्पकता त्याच्या अडचणींशेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. त्याच्याकडे काय नव्हतं हे ठाऊक नसेल, तर त्याने काय केलं हे कळणारच नाही.

फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. सोबत फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा कोऱ्या कडांची यायची. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला चार छिद्रं, एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे प्रत्येक कडेला फुटामागे ६४ छिद्रं. ही सगळी पूर्ण अंधारात पाडायची. त्यांची पत्नी सरस्वतीबाई हे काम करत. छिद्राचं अंतर केसभर चुकलं तर पडद्यावर चित्र थरथरतं. साध्या दृश्यात ती थरथर खपून जाते. पण एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केलं तर दोन्ही चित्रं वेगवेगळी हलतात आणि करामत उघडी पडते. म्हणून त्यांच्या करामतींची पहिली पायरी त्या अंधाऱ्या खोलीत होती. हे समजून न घेता "मेलिएसची नक्कल" म्हणणं मला चुकीचं वाटतं.

आता 'लंकादहन' घ्या, साल १९१७. अण्णा साळुंके हे नट राम आणि तेच सीता. बहुतेक जण इथे "बायका मिळत नव्हत्या" एवढं सांगून थांबतात. मी कथेकडे बोट दाखवीन. सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे. कथेचा बहुतेक भाग दोघं एका चौकटीत येतच नाहीत. एका नटाकडून दोन भूमिका करून घ्यायच्या तर आख्ख्या रामायणात याहून सोयीचा भाग मला तरी दिसत नाही. अडचण कॅमेऱ्याने सोडवायच्या आधी कथेच्या निवडीने सोडवलेली दिसते, आणि मी कल्पकता म्हणतो ती हीच.

दोन्ही भूमिका एका चौकटीत आणायच्या असत्या तर त्या काळी काय करावं लागलं असतं, ते आता नीट सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

कॅमेरा हाताने फिरवायचा. दांडीचा एक फेरा म्हणजे आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. भिंगापुढे काळा पुठ्ठा लावून चौकटीची उजवी बाजू झाकायची आणि नटाला डावीकडे उभं करून, समजा, वीस सेकंद चित्रण करायचं. म्हणजे चाळीस फेरे. मग भिंगावर झाकण घालून बरोबर चाळीस फेरे उलटे. पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, नट दुसऱ्या वेशात उजवीकडे, पुन्हा चाळीस फेरे. फेरा मोजताना चुकला की प्रश्नाआधी उत्तर येतं. दोन पुठ्ठ्यांच्या कडा एकमेकींवर चढल्या तर मधोमध उजळ पट्टा दिसतो, फट राहिली तर काळा. पुठ्ठा भिंगाच्या जवळ असेल तर कड मऊ येते आणि जोड लपतो. लांब असेल तर कड धारदार होते आणि जोड दिसतो. दोन चित्रणांच्या मध्ये भिंगाचं छिद्र लहानमोठं केलं, तर उजेडाबरोबर कडेचा मऊपणाही बदलतो. म्हणून छिद्र हलवायचं नाही, उन्हाचीच वाट बघायची. शिवाय तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळा यायचा, आणि निळं आभाळ पांढरंफटक. कुंकू, ओठ, शेला, सगळं त्या हिशेबाने निवडावं लागे.

मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन याने १९२१ मध्ये 'द प्लेहाउस'मध्ये एकाच चौकटीत नऊ कीटन दाखवले ते याच रीतीने. झाकण्याच्या पट्ट्या नऊ, आणि कॅमेरामन एल्गिन लेसली दर खेपेला त्याच गतीने दांडी फिरवणारा. एका खेपेत गती ढळली की आधीच्या सगळ्या वाया.

आता हे घरी करा. खर्च शून्य, फक्त मोबाइल घट्ट धरणारा स्टँड हवा.

मोबाइलमधलं स्टॅबिलायझेशन आधी बंद करा. ते चालू असेल तर फोन चित्र आतल्या आत सरकवत राहतो आणि दोन अर्धी कधीच जुळत नाहीत. बहुतेकांचं पहिलं चित्रण इथेच फसतं आणि दोष स्टँडला जातो. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, तिन्ही लॉक करा. बऱ्याच फोनच्या साध्या कॅमेरा ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स लॉक होत नाही. मॅन्युअल ॲप वापरा, नाहीतर तुम्ही शर्ट बदलला की भिंतीचा रंग बदलेल. गती सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर लखलख धरली जात नाही, १/६० ठेवलं तर पट्टे पळताना दिसतात.

जोडाची रेघ आधी ठरवा. दाराची उभी चौकट किंवा कपाटाची कड सगळ्यांत चांगली. कोरी भिंत घेऊ नका, तिच्यावर उजेडाचा जरासा फरकही लगेच डोळ्यांत भरतो. पंखा बंद, पडदा पिनेने टाचलेला, फोन फ्लाइट मोडवर. उजेड उत्तरेच्या खिडकीचा घ्या. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, थेट ऊन आत येत असेल तर कपडे बदलून येईपर्यंत सावलीची कड हललेली असते. मधे रेकॉर्डिंग थांबवू नका. सलग चालू ठेवा, डावीकडची भूमिका करा, तसेच बाजूला होऊन वेश बदला, येऊन उजवीकडची करा. फोनला दुसऱ्यांदा हात लागला नाही तर निम्मी भांडणं मिटतात. शेवटी कुणीही नसलेली रिकामी खोली दहा सेकंद घ्या, पुढे डागडुजीला लागते.

नजर हा दुसरा सापळा. पहिली भूमिका जिथे उभी होती तिथे डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्या खेपेला तिच्याकडे बघून बोला. ती चिकटपट्टी जोडताना आपोआप झाकली जाते. पहिल्या खेपेतले संवाद दुसऱ्या एखाद्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि दुसऱ्या खेपेला तेच इयरफोनवर ऐका, उत्तराला तेवढीच जागा सोडलेली असू द्या. सावली रेघेपलीकडे जाता कामा नये. हातात हात द्यायचा मोह पहिल्या वेळी टाळा, त्यासाठी मास्क, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग झाकणारा आकार, फ्रेमगणिक हलवावा लागतो.

जोडायला कोणतंही एडिटिंग ॲप चालेल. एक खेप खाली, एक वर, वरच्या थराला रेघेपाशी मास्क, १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात कड आठ ते पंधरा पिक्सेल मऊ. त्याहून जास्त मऊ केली तर रेघेजवळ आलेला खांदा विरघळल्यासारखा दिसतो.

हे एकदा केलंत की डबल रोलचा कुठलाही सिनेमा तुम्ही वेगळा बघाल. मग प्रश्न "जोड दिसतो का?" एवढा राहत नाही, "दोघं एका चौकटीत आणायची इथे गरज होती का?" हा होतो. करामतवाला दिग्दर्शक गरज नसताना आणतो, कारण त्याला जमतं. कल्पक दिग्दर्शक ते एका क्षणासाठी राखून ठेवतो.

मेलिएसबद्दल एक गोष्ट माझ्या मित्रासाठी. माणूस पटकन नाहीसा होतो ती युक्ती म्हणजे फक्त कॅमेरा थांबवणं, असा त्याचा समज आहे. अभ्यासकांनी मूळ फिल्म तपासल्या तेव्हा जोडाच्या जागी कापून चिकटवलेलं सापडलं. कॅमेरा थांबताना आणि सुरू होताना काही फ्रेम बिघडतातच, त्या काढून दोन्हीकडची हालचाल जुळवावी लागते. तुम्हीही करताना जोडापाशी एक-एक फ्रेम काढत बघा. मागे उभ्या माणसाचा हात उडी मारेनासा झाला की थांबा. चौकटीत धूर, पाणी किंवा हलती पानं असतील तर उडी लपणार नाही. ही युक्ती कुणी "शोधली" याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. दर दृश्यात ती नव्याने जमवावी लागते, आणि फाळक्यांनी ती आपल्या हाताने जमवली. जादूचे प्रयोग ते करायचेच, 'प्रोफेसर केळफा' या नावाने.

त्यांच्या वाटाण्याच्या रोपाच्या चित्रणाबद्दल "रोज एक फ्रेम, महिनाभर" असं सांगतात. हिशेब करा. तीस फ्रेम म्हणजे सोळाच्या गतीने दोन सेकंदही नाहीत. मिनिटभराचं दृश्य हवं तर ९६० फ्रेम, महिन्यात दिवसाला ३२. हा आकडा डोळ्यांसमोर आणा, मग त्या कामातली चिकाटी कळेल. तुम्ही मटकी घ्या, ती लवकर वाढते. दर दहा मिनिटांनी एक फोटो, दिव्याचा उजेड कायम, खिडकी बंद. सात दिवसांत हजाराच्या वर फोटो, २५ च्या गतीने चाळीस सेकंद. पाणी घालताना कुंडी हलली तर तिथून पुढचं सगळं वाया जातं, म्हणून कुंडी चिकटवून ठेवा आणि पाणी नळीने सोडा.

बाकी दिग्दर्शकांबद्दल थोडक्यात. शांतारामांनी 'अमृतमंथन'मध्ये, १९३४ साली, टेलिफोटो भिंगातून राजगुरूचा डोळा पडदाभर आणला. धर्मांधता दाखवायला त्यांना भाषण लागलं नाही. फ्रेंच दिग्दर्शक कोक्तोने १९५० च्या 'ऑर्फे'मध्ये आरशात हात शिरताना दाखवायला पाऱ्याचं भांडं वापरलं. पाण्यात बुडालेला हात दिसत राहतो, पाऱ्यात फक्त प्रतिबिंब दिसतं. पाऱ्याची वाफ विषारी असते, हा प्रयोग घरी मुळीच करू नका.

संगणकावरच्या करामतींना माझा विरोध आहे असं वाचू नका. मास्क संगणकावरच बनतो आणि तो उत्तम बनतो. माझा विरोध "नंतर बघू" म्हणत चित्रण करण्याला आहे. उजेड कुठून येतोय हे ठरवलं नसेल तर नंतर कितीही पैसे ओता, माणूस त्या जगात उभा असल्यासारखा वाटत नाही. मेलिएस थोर होता, हेही मित्राला इथेच कबूल करतो. आणि मी सगळं चित्राबद्दलच लिहिलं, ध्वनीची कल्पकता हा वेगळा मोठा विषय आहे.

अभ्यास कुठून सुरू करू, तर 'कालिया मर्दन' (१९१९) पासून. इंटरनेटवर मिळतो. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आपल्या साध्या रूपात चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. प्रेक्षकाला आधी सांगून टाकलं की ही एक लहान मुलगी आहे, आणि तरीही तिला कृष्ण मानायला लावलं. जोड लपवणारे पुष्कळ असतात, हा जोड उघडा ठेवून केलेला खेळ आहे. मित्राने यावर आजवर मला उत्तर दिलेलं नाही.

बघताना एक काळजी घ्या. बऱ्याच प्रती २४ च्या गतीने चढवलेल्या असतात आणि माणसं तुरुतुरु पळतात. लोक त्याला हसतात, त्यात सिनेमाचा दोष काही नाही. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता असं नोंदवलेलं आहे. २४ च्या गतीने तो ४१ मिनिटांत संपतो, १६ च्या गतीने तासाभराच्या वर जातो. माणसं पळताना दिसली तर प्लेअरची गती ०.७५ करा, म्हणजे साधारण १८ फ्रेम होतात. चाल तरीही घाईची वाटली तर ०.६५ पर्यंत उतरवा. पार्श्वसंगीत नंतर जोडलेलं असतं, ते बंदच ठेवा, नाहीतर रेंगाळलेलं ऐकू येईल.