बुडबुडे थांबले, म्हणजे आंबणेही थांबले का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. तेथे त्याने घरीच बादलीत बीअर लावली आहे. पहिले तीन दिवस झाकणावरच्या नळीतून सारखे बुडबुडे येत होते. पाचव्या दिवसापासून ते जवळजवळ बंद झाले. "आई, आंबोळीचे पीठ आंबले की नाही हे तुला बघताक्षणी कळते, मग हे का कळत नाही?" असे तो फोनवर विचारतो. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या चिरंजिवांची बीअर बहुधा बिघडलेली नाही. नळीतले बुडबुडे हे खात्रीचे माप नव्हे. झाकण जरा सैल असले तरी वायू कडेने निघून जातो आणि नळी गप्प राहते. उलट खोली तापली तर आंबणे संपल्यानंतरही द्रवात विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येऊ शकतात. त्यापेक्षा झाकण अलगद उघडून बादलीच्या आतल्या कडेवर वाळलेल्या फेसाचा तपकिरी पट्टा दिसतो का, ते पाहावे. तो दिसला, तर यीस्टने काम केले आहे हे नक्की.

काम पूर्ण झाले का, हे मात्र हायड्रोमीटरच सांगतो. आपल्या भागातील डेअरीत दूध घालणाऱ्यांना लॅक्टोमीटर नवा नाही. हे त्याच जातीचे यंत्र आहे. साखर विरघळलेल्या दाट द्रवात ते वर तरंगते आणि यीस्टने साखरेचे मद्य केले, की खाली उतरते. सुरुवातीचे माप (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; पाण्याची १.०००) १.०४८ असेल, तर साध्या एल बीअरमध्ये, म्हणजे उबदार हवेत आंबणाऱ्या बीअरमध्ये, ते साधारण १.०१२ च्या आसपास येऊन थांबते. नमुना उंच नळकांड्यात घेऊन यंत्र बोटांनी हलकेच फिरवावे, कारण त्याला चिकटलेले बुडबुडे ते वर उचलून धरतात व आकडा चुकतो. मोजलेला नमुना परत बादलीत ओतू नये; चाखून पाहावा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे सारखी आली, तरच आंबणे संपले असे समजावे.

माप १.०२० च्या वरच अडले असेल, तर आधी थंडीचा संशय घ्यावा. पावसाळ्यात बेळगावात पिठाचे पातेले आपण घोंगडीत गुंडाळून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. एल बीअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, म्हणून बादली उबदार खोलीत नेऊन हलकेच हलवावी आणि आठवडाभर थांबावे. गंधकासारखा वास आला तर घाबरू नये, तो बहुधा विरून जातो. पण रंगीत केसाळ बुरशी धरली असेल, तर सगळे ओतून द्यावे.

घाईने बाटल्या मात्र भरू नयेत. साखर शिल्लक असताना बूच लावले, तर आतील दाबाने काच फुटते, आणि अशा काचेने डोळ्यांना इजा होऊ शकते.

इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्येच रद्द झाला. आपल्याकडे कर्नाटक अबकारी अधिनियम, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, तेव्हा मुलाला सल्ला जरूर द्यावा, पण प्रयोग टिळकवाडीत करू नये.