प्लोव्हरमध्ये अक्षरं सुटी का पडतात?

प्रश्न : मॅडम, मी नाशिकरोडला राहते. इंग्रजी शॉर्टहँड १०० ची परीक्षा पास आहे. आता साध्या की-बोर्डवर प्लोव्हर, म्हणजे अनेक कळा एकदम दाबून शब्द लिहायचं सॉफ्टवेअर, शिकतेय. गावांची नावं शब्दकोशात सापडत नाहीत, म्हणून ए ते झेड सगळी अक्षरं मी माझ्या शब्दकोशात घातली. पण इंग्रजीत 'देवळाली' एकेक अक्षर लावून लिहिलं की प्रत्येक अक्षरानंतर जागा पडते. पहिलं अक्षर मोठंही येत नाही. सेटिंग कुठे बदलू?

उत्तर : सेटिंगला हात लावू नका. अडचण तुम्ही घातलेल्या नोंदींत आहे. प्लोव्हरच्या मूळ शब्दकोशात सगळी अक्षरं आधीपासून असतात. तुमचा शब्दकोश यादीत त्याच्या वर आहे आणि एकाच स्ट्रोकसाठी (एकदम दाबलेल्या कळांसाठी) दोन नोंदी असल्या की वरची चालते. तुम्ही नुसतं 'डी' लिहिलंत, प्लोव्हरने तो शब्द धरला आणि शब्दांमध्ये जागा सोडली. मूळ नोंदीत अक्षर महिरपी कंसात, & या चिन्हापुढे असतं. अशा नोंदी एकमेकींना चिकटतात, शेजारच्या शब्दाला चिकटत नाहीत. तेव्हा तुमच्या त्या नोंदी काढून टाका.

मग फुलीच्या (*) कळेकडे लक्ष द्या. अक्षर लावायचं तर त्याच्या कळांबरोबर मधली फुली दाबावीच लागते. 'एन'साठी टी, पी, एच आणि फुली (ही नावं प्लोव्हरच्या मांडणीतल्या कळांची, की-बोर्डवर छापलेल्या अक्षरांची नव्हेत). फुली राहिली की 'इन' हा शब्द उमटतो. मोठं अक्षर हवं असेल तर त्यातच उजव्या हाताचा पी घ्या. देवळालीचा 'डी' म्हणजे टी, के, फुली, उजवा पी, सगळं एकदम. 'एल'ला एच आणि आर, 'आय'ला ई आणि यू.

सगळी अक्षरं लावून झाली की 'जी' आणि 'झेड' मुद्दाम तपासा. 'जी'ला डाव्या हाताच्या टी, के, पी, डब्ल्यू या चार कळा लागतात, 'झेड'ला त्यात एस. बरेच साधे की-बोर्ड इतक्या कळा एकावेळी ओळखत नाहीत. 'जी'च्या जागी 'डी' येत असेल तर बोटांना दोष देऊ नका, सगळ्या कळा एकदम घेणारा की-बोर्ड घ्या. या खर्चात काटकसर नको.

कोर्टात साक्षीदार एखाद्या नावाचं स्पेलिंग सांगतो तेव्हा अक्षरांमध्ये आडव्या रेघा हव्या असतात. त्यासाठी वेगळा संच करा : कंसात &, मग रेघ, मग मोठं अक्षर. पहिलं अक्षर नेहमीचंच ठेवा. या संचासाठी निवडलेले स्ट्रोक आधी शब्दकोशात शोधून, मोकळे असतील तरच घ्या.

माझं ठाम मत असं, की एक नाव दुसऱ्यांदा अक्षरं लावून लिहू नये. सात अक्षरं म्हणजे सात स्ट्रोक, तेवढ्यात बोलणारा अर्धं वाक्य पुढे गेलेला असतो. देवळाली एकदा लावलंत की नवीन नोंदीची खिडकी उघडा आणि तीन स्ट्रोकांत बसवून टाका : देव, ळा, ली. त्र्यंबक, दिंडोरी, सिन्नर कामाआधीच घालून ठेवा. ओझर मात्र कोणी 'झेड'ने लिहितं, कोणी 'जे-एच'ने. ज्यांचं काम असेल त्यांना विचारून घ्या आणि त्या कामापुरती तीच नोंद ठेवा.